पाण्यात पाय टाकण्याआधी: पाकट माशाचा काटा, त्यावरचा पहिला इलाज आणि आपल्या हातून होणाऱ्या चुका

बीडपासून समुद्र लांब आहे. मुंबई गाठायची म्हटलं तरी जवळपास चारशे किलोमीटरचा रस्ता आणि ट्रॅव्हल्समध्ये रात्रभराचं जागरण. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांचा आणि समुद्राचा संबंध वर्षातून एखाद्या वेळेलाच येतो. ईदनंतरची सुट्टी, शाळेची सहल, हाजी अली आणि माहीमच्या दर्ग्याची जियारत, नाहीतर कोकणात दिलेल्या मुलीच्या सासरी जाणं. गाडीतून उतरल्या उतरल्या मुलं पाण्याकडे पळतात, मोठी माणसंही पॅन्ट वर करून गुडघाभर पाण्यात उभी राहतात. लाट पायावर आली की चारशे किलोमीटरचा शीण निघून जातो.

पण ज्याच्या घरामागे समुद्र आहे त्याला जे लहानपणापासून माहीत असतं, ते आपल्याला माहीत नसतं. आमच्या घरच्या एका सहलीत हे आम्हाला चांगलंच कळलं. ती गोष्ट आधी सांगतो. त्यात चूक आमचीच होती, आणि ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

त्या दिवशी काय झालं

डिसेंबरची सुट्टी होती. दोन गाड्या करून आम्ही कोकणात गेलो होतो. दुपारी ओहोटीच्या वेळी पाणी अगदी शांत, जेमतेम गुडघ्याइतकं. आमचा बारा वर्षांचा भाचा पाण्यात उड्या मारत होता. एकदम तो ओरडला, "अम्मी, पाव में कुछ तो घुस्या!" आम्हाला वाटलं काच लागली असेल. बाहेर आणलं तर घोट्याजवळ अर्ध्या इंचाची चीर आणि रक्त. जखम लहान, पण पोरगा असा तळमळत होता की जणू पायावर उकळतं तेल पडलंय. पाच-दहा मिनिटांत वेदना कमी व्हायला हवी होती, ती वाढतच गेली. पोटरीपर्यंत चढली. त्याला घाम फुटला आणि उलटी झाली.

आमच्यापैकी एकाने कोल्ड्रिंकच्या टपरीवरून बर्फ आणला, दुसऱ्याने हळद शोधायला सुरुवात केली, तिसऱ्याने विष वर चढू नये म्हणून ओढणी घट्ट बांधली. तेवढ्यात चहाच्या टपरीवरच्या एक वयस्कर खाला पुढे आल्या. त्यांनी पाय बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "बर्फ नको रे बाबांनो. पाकटानं मारलाय. गरम पाणी आणा." त्यांनीच ओढणी सोडली, चहाच्या भांड्यातलं पाणी बादलीत ओतलं, त्यात गार पाणी घातलं, आधी स्वतःचा हात बुडवून बघितला आणि मग पोराचा पाय आत ठेवला. वीस-पंचवीस मिनिटांत त्याचं रडणं थांबलं.

इथपर्यंत सगळं ठीक. पुढची चूक आमची. वेदना थांबली म्हणून आम्ही दवाखान्यात गेलोच नाही. जखमेवर पट्टी बांधून बीडला परतलो. चौथ्या दिवशी पाय सुजला, ताप आला. डॉक्टरांनी विचारलं, "काय लागलं?" आम्ही सांगितलं, "काहीतरी टोचलं खेळताना." समुद्राचं नावच काढलं नाही. दोन दिवस साध्या जखमेची औषधं चालली आणि उतार पडला नाही. मग कुठे पाकटाची गोष्ट सांगितली आणि डॉक्टरांनी लगेच एक्स-रे काढायला लावला. आत काट्याचा तुकडा होता. तो काढला, औषधं बदलली आणि पाय वाचला, अल्हमदुलिल्लाह. पण आठवड्याचा त्रास आम्ही पोराला उगाच दिला.

पाकट म्हणजे कोण?

इंग्रजीतल्या 'स्टिंग रे'ला कोकणच्या किनाऱ्यावर पाकट म्हणतात. हा मासा बाकीच्या माशांसारखा दिसत नाही. भाकरी थापून तिला मागून लांब शेपूट लावावी, तसा चपटा. याच्या अंगात हाडं नसतात, कानाच्या पाळीसारखी कूर्चा असते. त्या अर्थाने तो मुशीचा, म्हणजे शार्कचा नातेवाईक. डोळे पाठीवर आणि तोंड पोटाच्या बाजूला. वाळूत राहणारे शिंपले, खेकडे, कोळंबी, किडे हे त्याचं खाणं.

त्याची सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो उथळ पाण्यात तळाशी येऊन बसतो आणि पंख हलवून अंगावर वाळू ओढून घेतो. डोळे आणि डोळ्यांमागची श्वासाची छिद्रं तेवढी वर राहतात. वरून पाहणाऱ्याला नुसती वाळू दिसते. पाणी जरा गढूळ असलं तर तेवढंही दिसत नाही.

शेपटीवर एक, कधी जास्त, टोकदार काटे असतात. लहान पाकटाचा काटा बोटाच्या पेराएवढा किंवा बोटाएवढा, मोठ्या पाकटाचा वीतभरही असू शकतो. काट्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दात असतात आणि ते उलटे वळलेले असतात. त्यामुळे काटा आत जाताना सरळ जातो आणि बाहेर येताना मांस फाडत येतो. काट्यावर पातळ कातडीचं आवरण असतं आणि खालच्या खाचांमध्ये विष तयार करणाऱ्या पेशी असतात. काटा अंगात शिरला की ते आवरण फाटतं आणि विष जखमेत उतरतं. म्हणजे एका वेळी दोन इजा होतात, चाकूसारखी जखम आणि त्यात विष. आवरणाचे किंवा काट्याचे तुकडे आत राहिले तर तिसरी भानगड सुरू होते. आमच्या भाच्याच्या बाबतीत तेच झालं.

पाकट माणसावर धावून येत नाही, हेही सांगायला पाहिजे. तो घाबरट आहे. चाहूल लागली तर निघून जातो. पण अंगावर पाय पडला तर शेपूट झटक्याने वर उसळते आणि काटा घोट्यात, पावलात किंवा पोटरीत शिरतो. म्हणून किनाऱ्यावरच्या बहुतेक जखमा घोट्याच्या आसपास असतात. मच्छीमारांना हाताला लागतं, कारण ते जाळ्यातून पाकट सोडवत असतात.

गिरगाव चौपाटीवर २०१३ साली

ही गोष्ट कुठल्या परदेशातली नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन चालू होतं. मूर्ती घेऊन भाविक अनवाणी पाण्यात उतरत होते. एकामागून एक लोक पाय धरून बाहेर यायला लागले. त्या एका दिवसात पन्नासहून जास्त लोकांना पाकटाचे काटे लागले आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. सुरुवातीला काय चावतंय हेच कुणाला कळत नव्हतं.

तेव्हापासून गणेशोत्सव आला की मुंबई महानगरपालिका आणि मत्स्यव्यवसाय विभाग स्टिंग रे आणि जेलीफिशबद्दल सूचना काढतात. अनवाणी पाण्यात जाऊ नका, गमबूट घाला, लहान मुलांना पाण्यापासून दूर ठेवा, असं त्यात असतं. चौपाटीवर डॉक्टरांचं पथक आणि रुग्णवाहिकाही ठेवतात.

मुंबईत शिकायला किंवा कामाला गेलेली आपली पोरं विसर्जनाच्या दिवशी पाणी वाटायला, गर्दी सांभाळायला चौपाटीवर असतात. त्यांच्यासाठीही ही माहिती तितकीच कामाची आहे. कुणाच्या पायाला काटा लागला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला माहीत असलं पाहिजे.

टाळायचं कसं?

एक, पाय उचलून चालू नका, घासत चाला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर सील बीच नावाचं गाव आहे. तिथे पाकट इतके, की लोक गंमतीने त्या भागाला 'रे बे' म्हणतात. तिथले जीवरक्षक येणाऱ्या प्रत्येकाला हेच शिकवतात. पाऊल वाळूवरून सरकवत पुढे न्यायचं, जसं घरात पॉलिशच्या फरशीवर ओल्या पायाने चालतो तसं. त्यामुळे वाळू हलते, पाकटाला आधीच चाहूल लागते आणि तो निघून जातो. समजा पाय लागलाच, तर तो त्याच्या कडेला लागतो, पाठीवर पूर्ण वजन पडत नाही. मुलांना हे 'आगगाडीची चाल' म्हणून खेळासारखं शिकवा, ती आनंदाने करतात.

दोन, हातात काठी ठेवा आणि पुढची वाळू टोचत चला. वयस्कर माणसांना तिचा आधारही होतो.

तीन, पाण्यात उडी मारू नका, पळू नका. आमचा भाचा नेमकं तेच करत होता. उडी मारणाऱ्याचं सगळं वजन एका जागी पडतं आणि पाकटाला पळायला वेळच मिळत नाही.

चार, पायात काहीतरी घाला, पण त्याच्या भरवशावर राहू नका. जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट चांगले. रबरी स्लीपर कामाची नाही, लाटेत ती निघून जाते. काटा जोरात बसला तर रबरी बुटातूनही आरपार जाऊ शकतो. लांब कपड्याने पाय झाकला म्हणजे संरक्षण झालं असंही नाही. सलवार, बुरखा किंवा जीन्स काटा अडवत नाही. उलट ओला घेरदार कपडा लाटेत पायात अडकून माणूस पडतो, त्यामुळे भगिनींनी घोट्याच्या वर पाणी येईल इतकं आत जाऊ नये, हेच बरं.

पाच, पाणी गढूळ असेल तर आत जाऊच नका. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे, तसंच खाडीच्या तोंडाशी पाणी गढूळ असतं आणि तळ दिसत नाही. ओहोटीला वाळूवर ताटलीएवढे गोल खड्डे दिसले तर ते बऱ्याचदा पाकटाने खाणं शोधताना केलेले असतात. अशी जागा सोडून द्या.

सहा, स्थानिकांना विचारा. किनाऱ्यावर जाळं साफ करणाऱ्या कोळी दादाला किंवा टपरीवाल्याला "इथे पाकट लागतात का?" एवढं विचारायला काही पैसे पडत नाहीत. आणि ते "इथे उतरू नका" म्हणाले तर वाद घालू नका.

सात, वाळूवर पडलेल्या मेलेल्या पाकटाला हात लावू नका, मुलांना लावू देऊ नका. मासा मेला तरी काटा तसाच टोकदार असतो आणि त्यातलं विषही लगेच संपत नाही. मच्छीमार शेपूट आधी तोडून टाकतात ते याचसाठी.

लागलंच तर पहिल्या तासात काय करायचं?

आधी माणसाला पाण्याबाहेर काढा. वेदना इतकी जबर असते की चक्कर येऊन माणूस गुडघाभर पाण्यातही बुडू शकतो. त्याला खाली बसवा, धीर द्या.

रक्त जास्त येत असेल तर स्वच्छ कपडा किंवा रुमाल जखमेवर दाबून धरा. रक्त थांबवणं हे पहिलं काम, विषाची काळजी नंतर.

जखम स्वच्छ पाण्याने धुवा. वरवर दिसणारा लहानसा तुकडा सहज निघत असेल तर चिमट्याने काढा. काटा खोल रुतला असेल तर ओढू नका, त्याचे उलटे दात आतलं मांस फाडतील. आणि काटा छाती, पोट, मान किंवा जांघेत असेल तर त्याला अजिबात हात लावायचा नाही. तो हलणार नाही अशा बेताने आजूबाजूला कपडा लावून थेट दवाखाना. ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध प्राणीमित्र स्टीव्ह अर्विन यांचा ४ सप्टेंबर २००६ रोजी मृत्यू झाला तो पाकटाचा काटा छातीत शिरल्यामुळेच. असे मृत्यू फार विरळ आहेत, पण छाती-पोटाची जखम ही पायाच्या जखमेसारखी नसते.

मग गरम पाणी. पाकटाचं विष प्रथिनांचं बनलेलं असतं आणि उष्णतेने ही प्रथिनं बिघडतात, त्यांचा जोर कमी होतो. अमेरिकेत पाकटाने जखमी झालेल्या ११९ रुग्णांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लगेच दवाखान्यात आलेल्या ज्या रुग्णांना आधी फक्त गरम पाण्याचा उपचार दिला, त्यातल्या बहुतेकांची वेदना अर्ध्या तासात थांबली होती. टपरीवरच्या खालांनी तो अभ्यास वाचला नसेल, पण त्यांच्या आई-नानीने त्यांना तेच शिकवलं होतं.

पाणी किती गरम? ४० ते ४५ अंश सेल्सिअस, त्यापेक्षा जास्त नाही. थर्मामीटर कुणाकडे नसतो, म्हणून हिशोब लक्षात ठेवा. एक तांब्या उकळतं पाणी आणि चार तांबे साधं पाणी मिसळलं तर साधारण ४२ अंशांच्या आसपास पाणी होतं. तरी आधी दुसऱ्या माणसाने हात बुडवून बघायचं. सहन होईल इतपत कडक, पण चटका बसणार नाही असं. जखमी माणसाच्या अंदाजावर जाऊ नका, दुखणाऱ्या पायाला चटका कळत नाही. लहान मुलं आणि ज्यांच्या पायाची संवेदना कमी झालीय असे शुगरचे रुग्ण यांच्याबाबत जास्त जपायचं. पाय ३० ते ९० मिनिटं पाण्यात ठेवायचा. पाणी गार होत आलं की पाय बाहेर काढून गरम पाणी मिसळायचं, हाताने तपासायचं, मग परत पाय आत. पाय बाहेर काढल्यावर वेदना परत आली तर पुन्हा तेच करायचं.

पाणी कुठून आणायचं? चहाची टपरी, हॉटेल, जवळचं कुठलंही घर. किनाऱ्यावर जाताना गाडीत थर्मास भरून ठेवलात आणि एक बादली ठेवलीत तर फारच चांगलं. थर्मासचा चहाला उपयोग होईलच.

हे करू नका

बर्फ लावू नका, त्याने या विषाचा जोर कमी होत नाही. पायाला दोरी, ओढणी, रुमाल करकचून बांधू नका. रक्तपुरवठा थांबून पाय जाऊ शकतो. ब्लेडने चीर देऊ नका, तोंडाने विष ओढू नका. हळद, चुना, टूथपेस्ट, रॉकेल, तंबाखू काही भरू नका. जखमेत घाण जाते आणि डॉक्टरांना आतलं दिसत नाही. व्हिनेगर काही प्रकारच्या जेलीफिशसाठी वापरतात, पाकटासाठी त्याचा उपयोग नाही. दम करायचा असेल, दुआ पढायची असेल तर जरूर पढा, पण पाय गरम पाण्यात ठेवून आणि गाडी दवाखान्याकडे वळवून. दवा आणि दुआ दोन्ही सोबत चालतात.

वेदना थांबली तरी दवाखाना का?

कारण गरम पाण्याने वेदना जाते, जखम स्वच्छ होत नाही. दवाखान्यात जखम सुन्न करून आतून धुतात, एक्स-रे काढून काट्याचा तुकडा राहिला का बघतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात. पाकटाच्या विषावर सापासारखी उताराची लस मिळत नाही, तेव्हा "लस नाही म्हणून इलाज नाही" असं समजून परत फिरू नका. खोल जखमेला अँटिबायोटिक लागू शकतं. अशी जखम बऱ्याचदा लगेच शिवत नाहीत, उघडी ठेवतात. डॉक्टरांनी टाके घातले नाहीत म्हणून नाराज होऊ नका, त्यामागे कारण असतं.

वेदना साधारण पहिल्या तास-दीड तासात सर्वात जास्त होते आणि इलाज न केल्यास दोन दिवसांपर्यंत राहू शकते. श्वास घ्यायला त्रास, सतत उलट्या, चक्कर, छातीत धडधड, किंवा छाती-पोटाला जखम, यातलं काहीही असलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

आता खास आपल्यासाठी, म्हणजे सहलीनंतर बीड, गेवराई, माजलगाव, केज, परळीला परतणाऱ्यांसाठी. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू जमिनीवरच्या जखमेतल्या जंतूंपेक्षा वेगळे असतात आणि त्यांना औषधंही वेगळी लागू शकतात. शुगर, लिव्हरचा आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांमध्ये ते फार वेगाने पसरतात. आपल्या गावातल्या डॉक्टरांकडे विंचू आणि सापाचे रुग्ण येतात, पाकटाचा रुग्ण त्यांनी कदाचित कधी बघितलेलाही नसेल. तेव्हा सांगायची जबाबदारी आपली. पहिल्याच वाक्यात सांगा, "समुद्रात पाकट माशाचा काटा लागलाय, अमुक दिवस झाले." जखमेभोवती लाली पसरतेय, सूज वाढतेय, पू येतोय, कातडी काळी पडतेय, ताप आहे किंवा थांबलेली वेदना परत आली, यातलं एक जरी लक्षण दिसलं तरी त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय गाठा. काट्यावरच्या आवरणाचे तुकडे एक्स-रेमध्ये नेहमी दिसत नाहीत. एक्स-रे साफ आला आणि जखम तरी भरत नसेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा, गरज वाटली तर ते सोनोग्राफी करतील.

आपल्या धरणातले काटेवाले मासे

"आम्ही कुठे समुद्रावर जातो?" असं काही वाचक म्हणतील. माजलगाव किंवा मांजरा धरणात पाकट नाहीत. पण मागूर आणि शिंगी आपल्याकडच्या मच्छीमारांना चांगले ठाऊक आहेत. मिशा असलेल्या या माशांच्या कानाजवळच्या परांना टणक काटा असतो. शिंगीचा काटा विषारी असतो आणि हातात शिरला तर माणूस रात्रभर झोपत नाही. जाळं काढणाऱ्यांना, मासे साफ करणाऱ्या भगिनींना आणि बाजारात काम करणाऱ्या पोरांना हे अनुभवाने माहीत आहे. पहिला इलाज तोच, धुणं, सोसवेल इतकं गरम पाणी, मग दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. नुसती हळद भरून कामावर परत जाण्याने बोटं गमावायची वेळ येऊ शकते.

उमराहला जाणाऱ्यांसाठी

हल्ली आपल्या जिल्ह्यातून उमराहला जाणारे वाढले आहेत. परतीच्या आधी जेद्दाहला एक दिवस मिळाला तर समुद्रावर चक्कर होतेच. तांबड्या समुद्रात अंगावर निळे ठिपके असलेला पाकट सापडतो. दिसायला फार सुंदर, म्हणून लोक हात लावायला जातात. त्याच समुद्रात दगडासारखा दिसणारा स्टोनफिशही आहे, त्याच्या पाठीवरचे काटे पाकटापेक्षा जास्त विषारी असतात. स्टोनफिश पाय घासत चालल्याने बाजूला होत नाही, म्हणून खडकाळ पाण्यात जाड तळव्याचे बूट हवेतच, किंवा उतरूच नका. लागलं तर पहिला इलाज गरम पाणीच. सौदीत रुग्णवाहिकेसाठी ९९७ हा नंबर आहे. निघायच्या आधी घरातल्या तरुणाने तो अम्मी-अब्बूंच्या मोबाइलमध्ये टाकून द्यावा.

शेवटी एक मोठी गोष्ट

पाकटाच्या काट्याने माणूस मरण्याची शक्यता फार कमी. समुद्रात माणसं मरतात ती बुडून. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरुडला सहलीसाठी आलेले १४ विद्यार्थी एकाच दुपारी बुडाले. त्या घरांवर काय गुजरलं असेल याची कल्पना करवत नाही. म्हणून पाय घासत चाला, काठी ठेवा, पण त्याआधी भरती-ओहोटीची वेळ विचारा, गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका आणि मुलांवर नजर ठेवायला एक मोठं माणूस कायम किनाऱ्यावर कोरडं ठेवा. त्याच्या हातात मोबाइल असला तरी डोळे पाण्याकडे हवेत.

आमचा भाचा आता बरा आहे. घोट्याजवळ एक पांढरा व्रण राहिलाय. परवा तो शाळेच्या सहलीला निघाला तेव्हा मित्रांना सांगत होता, "पाण्यात उड्या नको मारू, पाय घासत चल." अम्मीने पिशवीत थर्मास टाकला होता. एवढंच प्रत्येक घरात झालं, तरी आम्ही लिहिल्याचं सार्थक होईल. सहलीला निघण्याआधी घरात हे एकदा मोठ्याने वाचा, खास करून मुलांना जवळ बसवून. अल्लाह सगळ्यांना सुखरूप नेवो आणि सुखरूप घरी आणो.